हाताच्या मापाचे वाद्य : मुरबाडहून मिरजेपर्यंत

मुरबाडहून शहापूरला जायचे तर सरळगावला वळून किन्हवलीचा रस्ता धरावा. कल्याणला जाऊन लोकलने आसनगाव गाठण्यापेक्षा ही आडवाट बघण्यासारखी आहे. भातकापणी उरकली की खाचरे मोकळी होतात, शहापूर जवळ आले की माहुलीचे सुळके दिसू लागतात आणि गावोगावी वाद्ये बाहेर निघतात. हरिनाम सप्ताहाचा पखवाज, टाळ, हळदीतली ढोलकी. आणखी वर, जव्हार-मोखाड्याच्या अंगाला गेले की तारपा ऐकू येतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांतून तो हाताने घडतो, त्यामुळे एक तारपा हुबेहूब दुसऱ्यासारखा नसतो.

या रस्त्यावरच्या घरांत आता गिटारही आली आहे. मुले मोबाइलवर बघून शिकतात आणि मोबाइलवरूनच गिटार मागवतात. ती येते कारखान्यातून, एकाच मापाची, बहुतेक वेळा 41 इंची. काही महिन्यांनी पुष्कळ घरांत ती खुंटीला लटकलेली दिसते. मुलाला आवड नव्हती, असे घरचे म्हणतात.

आमची मुलगी अकरा वर्षांची. मामूंच्या घरची अशीच मोठी गिटार तिला महिनाभर वापरायला मिळाली. उजवा हात पेटीवरून पलीकडे नेताना खांदा कानापर्यंत उचलला जाई आणि डाव्या हाताची करंगळी तारेपर्यंत पोचतच नसे. एके दिवशी तिने गिटार बाजूला ठेवली. "अम्मी, माझी बोटेच तोकडी आहेत. मला नाही जमायचे."

हे वाक्य आम्हाला टोचले. वर्गात बाक उंच असला की मूल वाकडे बसते आणि ओरडा मुलाला बसतो. बाक कोणी मोजत नाही. म्हणून आम्ही टेप घेऊन आधी गिटार मोजली.

गळ्याच्या वरच्या टोकाला जी पट्टी असते तिला नट म्हणतात. तिथपासून खालच्या घोडीपर्यंत तारेचा जो भाग वाजतो, तो मोठ्या गिटारीत साधारण 650 मिलिमीटर असतो. दुकानात जिला थ्री-फोर्थ म्हणतात, त्या गिटारीत तो 580 च्या आसपास भरतो. म्हणजे नाव पाऊण असले तरी लांबी पाऊण होत नाही. पण फरक कुठे पडतो ते पाहा. चार बोटे चार पडद्यांवर ठेवायची, तर नटपासून चौथ्या पडद्यापर्यंत मोठ्या गिटारीत 134 मिलिमीटर अंतर आहे, लहान गिटारीत 120. चौदा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एका बोटाची रुंदी. लहान हाताला तेवढ्यात एक बोट जास्त मिळाल्यासारखे होते.

मग कल्याणच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, "मोठीच घ्या, मूल वाढणारच. कपडे नाही का वाढत्या मापाचे घेत?" पण कपडा आत दुमडून शिवता येतो, गिटारीचा गळा दुमडता येत नाही. आम्ही मुलीला स्टुलावर बसवून एकेक गिटार मांडीवर देऊन पाहिली. कोणालाही उपयोगी पडाव्यात अशा चार गोष्टी तिथे ध्यानात आल्या.

एक, खांदा न उचलता उजवा हात तारांवर आला पाहिजे. न आल्यास पेटी मोठी किंवा जास्त खोल आहे. दोन, डावे कोपर पूर्ण ताठ न होता पहिला पडदा गाठता आला पाहिजे. तीन, गळ्याची रुंदी. नायलॉन तारांच्या मोठ्या क्लासिकल गिटारीचा नट सुमारे 52 मिलिमीटर रुंद असतो, पोलादी तारांच्या गिटारीचा 43 च्या जवळपास. अरुंद गळा लहान पंजाला सोपा, पण पोलादी तार कोवळ्या बोटांना कापते. नायलॉन मऊ, पण गळा रुंद. लहान मापाच्या नायलॉन गिटारीत गळाही थोडा अरुंद मिळतो. चार, तारा पडद्यांपासून फार उंच नकोत. उंच तार दाबताना मोठ्यांचीही बोटे दुखतात.

लहान मापाला एक उणेपण आहे, तेही सांगायला हवे. तार आखूड झाली आणि सूर तोच ठेवला, तर ताण सुमारे एक पंचमांशाने उतरतो. तार ढिली वाटते, आवाजाचा भरीवपणा कमी होतो. त्यावर थोड्या जाड तारा लावतात. मात्र नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्यांच्या ओढीने घोडी उखडू शकते.

घरी आल्यावर नानी म्हणाली, "लहान म्हणजे खेळण्यातलीच ना?" याचे उत्तर आम्हाला दिवाळीच्या सुटीत मिरजेला मिळाले. कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी मिरज. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि पिढ्यान्पिढ्या ते काम चालू राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळवून त्यांच्या घेराप्रमाणे तानपुरे घडतात. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा, बायकांच्या वरच्या पट्टीसाठी लहान, ज्याला जनानी म्हणतात. जनानी तानपुऱ्याला तिथे कोणी अर्धा किंवा पाऊण म्हणत नाही. लाकूड तितकेच निवडून घेतलेले, जवारी तितक्याच निगुतीने लावलेली. गाणाऱ्याचा गळा पाहून वाद्याचे माप ठरते. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. तिथे फातिहा पढून आम्ही परतलो.

आता राहिला घरातला प्रश्न. वाद्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. काहींना ती मुळीच मान्य नाहीत, काही अटींसह मोकळीक देतात. ज्या घराला जे पटते ते त्याने करावे, त्यावरून एकमेकांना नावे ठेवू नयेत. आमच्या घरी मामू, नानी आणि आम्ही बसून बोललो. अजान झाली की गिटार पिशवीत, नमाज आणि अभ्यास आधी, आणि गाणी कोणती ते मोठ्यांनी पाहायचे, एवढे ठरले. नानीने शेवटी एकच विचारले, "हिच्या बोटांना फोड तर नाही ना येणार?"

36 इंची, नायलॉन तारांची गिटार आली. मोठी गिटार मामूंच्या थोरल्याकडे परत गेली. त्याचे हात लांब आहेत, त्याला ती शोभते. मुलीचे सी आणि जी हे कॉर्ड आता स्वच्छ लागतात. एफ अजून बसत नाही, पण बोटे तोकडी असल्याची तक्रार पुन्हा ऐकू आलेली नाही. दोन-तीन वर्षांत हात वाढेल, तेव्हा ही गिटार शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या लहान हाताला द्यायची, हे तिने स्वतःच सांगून ठेवले आहे.