डाग

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे चिंच भिजत पडते. आई जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून समया, निरांजनं, ताम्हन मांडून बसते आणि सगळं घासून झालं की माझ्याकडे न बघता म्हणते, “तुझे ते रुपये पण दे. हात खराब झालेतच.” मी नाही म्हणतो. दरवर्षीचं आहे हे. काळी लक्ष्मी पूजेला मांडायची म्हणजे तिच्या जिवावर येतं.

पालघरजवळ आमच्या कोळगावात चांदी फार लवकर काळवंडते. चार महिने ओल असते, खाडीचा चिखल उघडा पडला की गंधकासारखा वास सुटतो, आणि बोईसरच्या कारखान्यांकडून वारा असेल त्या रात्री खिडकी ओढूनच घ्यावी लागते. चांदीला एवढं पुष्कळ झालं. आधी कडेला पिवळसर झाक येते, मग तांबूस, मग मोरपिशी निळा-जांभळा, आणि शेवटी काळा. थर जाड होत जातो तसे रंग पालटतात. पण हा थर धुळीसारखा वरून येऊन बसलेला नसतो. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन नाण्याचीच चांदी काळी झालेली असते. म्हणजे घासताना निघते ती चांदीच.

हे ज्ञान मला आठवीत झालं. आजोबांचा १८६२ सालचा राणीछाप रुपया मी टूथपेस्टने घासला. बंदा रुपया, तोळाभर वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. घासल्यावर तो असा लखलखला की मी शाळेत नेऊन मिरवला. पुढे एका सराफाने तो उजेडात तिरका धरला, बारीक ओरखडे बघितले आणि “घासलाय” एवढंच म्हणून वजनकाट्यावर टाकला. मोडीचा भाव सांगितला. ठप्प्याखाली धातू दाबला जातो तेव्हा तो मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं हातात फिरवलं की प्रकाशाचा पट्टा त्यावरून चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो तो त्या रेषांमुळे. टूथपेस्टमधल्या भुकटीने त्या पार पुसल्या होत्या. राणीच्या केसांच्या बटाही गेल्या. राणी नुकती न्हाऊन आल्यासारखी दिसते, असं आई अजून म्हणते.

आपल्या भाषेचा या बाबतीत काही निर्णय झालेला दिसत नाही. कपड्यावर पडतो तो डाग, सोनार कडी जोडताना देतो तोही डाग, आणि बाईच्या अंगावर असतो तो सोन्याचा डाग. राणीछाप रुपयांना कड्या लावून केलेल्या माळेत हे तिन्ही एकाच जागी सापडतात. संग्राहक अशा रुपयाकडे ढुंकून बघत नाही. मला मात्र तो सोडवत नाही.

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,०००च्या वर. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता, कित्येकांवर तर थेट नहपानाच्या गालावर. एखाद्याने ‘चेहरा बिघडलाय’ म्हणून ती बाजूला काढली असती, तर नहपानाचं राज्य कुणी बुडवलं याचा धातूतला पुरावाच गेला असता. याच नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, आमच्या डहाणूच्या नदीवर फुकट नावा ठेवल्याचं नाशिकच्या लेण्यात कोरलेलं आहे. उतारूंच्या कनवटीला तेव्हा हीच नाणी असतील, असं मी आपलं मनात धरून चालतो.

जमिनीत पुरलेलं असं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. पालघर जिल्हा २०१४ साली झाला आणि पुढे जिल्हाधिकारी आमच्या कोळगावातच येऊन बसले. हंडा सापडलाच तर मला चालत जाऊन अर्ज देता येईल. अट एकच, जाण्याआधी चिंच लावायची नाही. मातीतल्या नाण्यावरची अक्षरं मोकळी करावीच लागतात, पण ते काम भिंगाखाली, शिकलेल्या हाताने.

मी स्वतः एकच डाग काढतो. स्वस्त, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट साय धरते. ती धातू खाते. असं नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवायचं, चोळायचं नाही, आणि तसंच वाळू द्यायचं. चांदीला त्याने काही होत नाही.

माझ्याकडचा सगळ्यात काळा रुपया १९११चा, पंचम जॉर्जचा. राजाच्या झग्यावर एवढासा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड निघाली, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी सरकारने हत्ती सुधारून घेतला. मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आहे, मुंबई टांकसाळीची खूण. आईने एकदा नखाने तो खरवडून बघितला होता. “हे निघत का नाही रे?”

यंदा आमची तडजोड झाली. राणी घासायची, राजा तसाच ठेवायचा. संध्याकाळी दोघांना वाटीत शेजारी शेजारी ठेवून आईने हळदकुंकू वाहिलं. सकाळी वाटी उचलली, तर तेलाचा हात लागून कुंकू ओलसर झालेलं आणि नेमकं त्या हत्तीवर बसलेलं.

“आता हा काढायचा का ठेवायचा?” आईने विचारलं, आणि माझं भिंग आणायला स्वतःच आत गेली.