खड्डामागावरचं टेबल

समृद्धी महामार्गावर साडेपाचशे किलोमीटर गाडीने हूं की चूं केलं नाही, आणि नागपुरात शिरल्यावर भर सिग्नलला मागचं चाक बसलं. डिकी उघडली तर स्टेपनीतही हवा नाही. मे महिना, दुपारचा एक. मी आणि आई नाशिकहून निघालेलो, दादा चार वर्षांनी अमेरिकेतून आलेला, आणि लग्न दुसऱ्या दिवशी गोंदियाला, म्हणजे अजून दीडशेच्या वर किलोमीटर. आईने आहेराचं पाकीट तेवढं छातीशी धरून ठेवलं होतं, जणू चाकापाठोपाठ तेही बसेल.

रांगत रांगत लकडगंजात आलो. नावासारखाच लाकडाचा बाजार. दुकानांपुढे उभ्या केलेल्या फळ्या, आरागिरणीचा आवाज आणि त्या उन्हातही बरा वाटणारा सागाच्या भुशाचा वास. पंक्चरवाल्याने टायरातून बोटभर खिळा उपसला, आमच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, "दुसरंबी आहे एक. टाइम लागन. जेवून घ्या तवर."

कुठे, म्हटलं.

"मागच्या गल्लीत, सावजीकडे. बोर्ड नाई दिसन. वास येईन."

वास आला. घराचीच पुढची खोली, त्यात चार टेबलं. गल्ल्यावर आजोबा, वाढायला मुलगा, पाण्याचे ग्लास भरायला दहा-बारा वर्षांचा नातू, आणि आत मोठ्या गंजापाशी काकू. नागपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात, तेव्हा लाकडाच्या गंजातून आम्ही रश्श्याच्या गंजापाशी आलो होतो. मेनूकार्ड नव्हतं. मुलाने एका दमात म्हणून दाखवलं: मटण, खूर, कलेजी, सुंदरी, खिमा गोळी, अंडा. आईकडे बघून पुढे जोडलं, "बिनामटणाचं पायजे तं पाटोडी रस्सा, डाळकांदा, वांगे." आईचा चेहरा वाचून आतून काकूंचा आवाज आला, "वेगळा गंज हाय जी, पळाबी वेगळा." दादाने नाव आवडलं म्हणून सुंदरी मागवली. सुंदरी म्हणजे बकऱ्याची आतडी, हे मी त्याला जेवण झाल्यावर सांगितलं.

रस्सा आला तो लाल नव्हता. काळपट तपकिरी, वर बोटभर तर्री. हे तिखट जिभेला लगेच लागत नाही. पहिले दोन घास माणूस शहाणपणाने बोलतो, तिसऱ्याला नाक वाहायला लागतं, मग कानांच्या मागे घाम. दादाने कमी तिखट मिळेल का म्हणून विचारलं. मुलगा मनापासून म्हणाला, "हे कमीच आहे न, भाऊ."

दादा राहतो टेक्ससमध्ये. तिथल्या लहान गावांत हायवेलगत मेक्सिकन कुटुंबांची हॉटेलं असतात, बाप गल्ल्यावर, आई चुलीपाशी, पोरं वाढायला. लांबच्या प्रवासात तो तिथेच थांबतो. डोळे पुसत तो म्हणाला, "हे तर मोले आहे!" मोले म्हणजे त्यांचा घट्ट रस्सा. सुक्या मिरच्या काळपट होईपर्यंत भाजायच्या, तीळ, लवंग, दालचिनी वाटायची आणि दाटपणासाठी मक्याची भाजलेली पोळी त्यातच कुस्करायची. आईला तोवर यात रस नव्हता. पण मक्याची पोळी ऐकल्यावर तिने आत हाक मारली, "अहो, तुम्ही दाटपणाला काय घालता?"

"ज्वारी भाजून घालतो न मी," काकू म्हणाल्या. या बाजूला बायकाही करतो, घालतो असंच बोलतात.

मिरची मुळात मेक्सिकोकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे उतरली आणि आपण तिला मिरीच्या घरात घेऊन मिरची करून टाकली. पुढे ती भिवापूरच्या शेतात इतकी रुळली की आज भौगोलिक मानांकन मिरवते. तिकडे मका, इकडे ज्वारी. बाकी दोन्हीकडच्या बायका भाजत बसल्या त्या एकाच अंदाजाने, एकमेकींना न विचारता. आईचं मत वेगळं पडलं. तिच्या मते मेक्सिकोवाले इथून शिकले.

हात धुवायला उठताना दादाचा पाय अडखळला. टेबलाखालची फरशी चौकोनी तुकड्यापुरती खचलेली होती. आजोबा गल्ल्यावरून म्हणाले, "सांभाळून जी, तिथं माग होता."

सावजी म्हणजे हलबा कोष्टी, विणकर. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. आजोबांचे वडील त्या खड्ड्यात पाय सोडून नऊवारी लुगडी विणायचे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली, तिच्यापुढेही हातमाग कसाबसा तगला. या घरातला माग पावरलूमने बसवला. "धोटा बंद पडला, मंग मायनं गंज चढवला," आजोबा म्हणाले. घरात रोज होणारा रस्सा आधी शेजारीपाजारी डबे घेऊन न्यायचे, मग टेबलं आली. खड्डा मुरूम टाकून भरला. "दर पावसाळ्यात बसते थोडा. दोनदा फरशी बदलली." त्यांनी खांदे उडवले आणि नातवाला आमचे ग्लास भरायला सांगितलं.

आई तोवर आत जाऊन बसली होती. मला वाटलं होतं मसाला विचारला की काकू हसून टाळतील. अशा जागी गुपित असतंच, निदान असल्याचं सांगतात तरी. काकूंनी सगळं सांगितलं. दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, काळी मिरी, ज्वारी किती भाजायची, आणि पूर्वी जवसाचं तेल असायचं, तेही. माप मात्र एकाचंही नाही, सगळं "अंदाजानं". आईने हाताला लागेल त्या कागदावर लिहून घेतलं, माझंच पेन घेऊन, दोन्ही बाजूंनी.

चाक तयार होतं. भंडारा मागे पडेपर्यंत दादा खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता, कारण त्याच हाताने त्याने डोळा चोळला होता.

दुसऱ्या दिवशी मांडवात आहेर देऊन आई खुर्चीवर टेकली आणि एकदम उठून उभी राहिली. मसाला आहेराच्या पाकिटावर लिहिला होता. तिने मला स्टेजवर पिटाळलं. नवरीने पाकीट उलटसुलट करून वाचलं. ती नागपूरची, तांडापेठेतली.

"ज्वारी थोडी जास्त भाजायला लिहिली काकूंनी," ती म्हणाली, आणि पाकीट मागे बसलेल्या बहिणीकडे दिलं.