स्टिअरिंग नसलेली गाडी

माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर. ताम्हिणी घाट म्हणजे त्यांच्या हातचा मळ! सुट्टीत आम्ही रोह्याहून नागोठणे, पालीमार्गे खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. मामा-मामी पेणहून आले.

२०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानातला 'नायट्रो' पाहून बाबा थबकले. पाय अधांतरी, डोकं खाली!

"स्टिअरिंग नाही, ती कसली गाडी?"

मी विज्ञान सांगितलं, "बाबा, हिला इंजिनही नसतं. साखळी डबे वर ओढते. मग उंचीमुळे साठलेली ऊर्जाच वेग देते. ब्रेक रुळांवर असतात."

"तू बसणार? मग मीही!"

पहिल्याच उतारावर त्यांनी माझा हात गच्च धरला.

दोस्तांनो, रोज कितीतरी प्रवासी बाबांवर विसंबून निवांत झोपतात. त्या दिवशी बाबा माझ्यावर विसंबले!