लाईन एंगेज आहे

गोळी घेऊन बीपी नॉर्मल झालं, मग गोळी बंद का करू नये? आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो आणि "उगीच सवय लागते हो" असं उत्तरही तिथेच मिळतं. माझ्या बाबांनी ते अमलातच आणलं. घरचं मशीन महिनाभर १२४/८० दाखवत होतं, म्हणून त्यांनी कोणाला न सांगता टेल्मिसार्टन थांबवली. तीन आठवड्यांनी मोजलं तर १७२/१००. डोकेदुखी नाही, चक्कर नाही, त्यामुळे त्यांना मशीनच बिघडलंय असं वाटलं.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. पण बाबांना नुसतं "घ्यायची म्हणजे घ्यायची" पटत नाही, कारण लागतं. माझी बायॉलॉजी दहावीनंतर सुटलेली. तरी वाचायला बसलो, आणि पाहतो तर सगळा मामला निरोप पोचवण्याचा. तो तर माझ्या रोजच्या कामातला.

निरोप निघतो तो किडनीतून. रक्ताचा दाब किंवा मीठ कमी पडतंय असं वाटलं की किडनी रेनिन सोडते. १८९८ मध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन या स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांना सशाच्या किडनीच्या अर्कात ते सापडलं. यकृताने रक्तात सोडलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा छोटा तुकडा रेनिन कापून काढतं. पुढे, मुख्यतः फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमध्ये, तो तुकडा आणखी छाटला जातो आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२ हे हार्मोन. अवघ्या ८ अमिनो आम्लांची साखळी.

बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. हे हार्मोन तिथे पोचतं, पण निरोप देण्यासाठी त्याला पेशीच्या आत जावं लागत नाही. बाहेरच्या पडद्यावर एटी-१ नावाचा रिसेप्टर असतो, त्याला ते चिकटतं. रिसेप्टर किंचित वळतो आणि आतल्या बाजूचं जी-प्रोटीन जागं होतं. ते एका एन्झाइमला कामाला लावतं. ते एन्झाइम पडद्यातल्याच एका चरबीचे दोन तुकडे करतं. त्यातला आयपी-३ हा तुकडा पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडतो. शांत पेशीत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं, त्यामुळे थोडं वाढलं तरी पेशीला लगेच कळतं. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला धरतं, त्यातून मायोसिन सुरू होतं आणि पेशी आकसते.

अशा असंख्य पेशी आकसल्या की धमनी अरुंद होते. नळीची त्रिज्या फक्त १० टक्के कमी झाली, तर रक्ताला होणारा अडथळा जवळपास दीडपट होतो. हाच निरोप वर्षानुवर्षं येत राहिला तर स्नायूंच्या पेशी वाढून भिंतच जाड होते. बाहेरून यातलं काहीच जाणवत नाही.

बीपीच्या गोळ्या ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. रॅमिप्रिल अँजिओटेन्सिन-२ तयारच होऊ देत नाही. अॅम्लोडिपिन पेशीत बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवते. आणि बाबांची टेल्मिसार्टन एटी-१ रिसेप्टरवर स्वतःच जाऊन बसते.

हे सगळं मी त्यांना वहीत चित्रं काढून सांगितलं. बाबांची उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. थोडा वेळ वहीकडे बघून म्हणाले, "म्हणजे गोळीनं लाईन एंगेज ठेवलीय. कॉल करणारा तिकडून डायल करतोच आहे."

मला इतकं नेमकं सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, उलट तो जास्तच डायल करतो." कारण निरोप पोचत नाही असं दिसलं की किडनी रेनिन आणखी सोडते. ही गोळी घेणाऱ्याच्या रक्तात अँजिओटेन्सिन-२ कमी होत नाही, वाढतं. फक्त त्याला रिसेप्टर मोकळा सापडत नाही. गोळी थांबवली की तिचा असर काही दिवसांत ओसरतो, लाईन मोकळी होते आणि कॉल लागतो.

"मग आयुष्यभर?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे आहे. मीठ कमी केलं, वजन उतरलं, रोज चालणं झालं, तर काहींचा डोस कमी होतो. पण तो तपासून, डॉक्टरांनी करायचा असतो. पुढच्या भेटीत बाबांनी स्वतःच तसं विचारून घेतलं. आता संध्याकाळची शेवेची वाटी अर्धी झाली आहे, तीही कुरकुरत.

तुमच्या घरी कोणी "आता नॉर्मल आहे, बंद करतो" म्हणालं, तर त्यांना एवढंच सांगा: तो नॉर्मल आकडा बहुधा गोळी सुरू असल्यामुळेच आहे. बंद करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा.