फोन मोकळा ठेवा

संध्याकाळचे साडेसात वाजले की आमच्या उलव्याच्या घरात अम्मी मुलांना हातातले मोबाइल खाली ठेवायला लावते. त्या सुमारास कुवेतहून भाईजानचा व्हिडिओ कॉल येतो. "फोन मोकळा ठेवा," हे तिचे ठरलेले वाक्य. मुले हसतात. नानी, वायफायवर दहा जण असले तरी मामूंचा कॉल येतोच, असे तिला शंभरदा समजावून झाले आहे. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणते.

आम्ही दोघी बहिणी एकाच सोसायटीत राहतो, दोन वेगवेगळ्या विंगमध्ये. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी आमच्याकडेच असते. पनवेलचे जुने घर आवरून आणलेली काही खोकी थोरलीच्या माळ्यावर तशीच पडली होती. या रमजानच्या आधी साफसफाई काढली तेव्हा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जुन्या कॉम्प्युटरचे मोडेम कार्ड निघाले. त्यावर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर अब्बांच्या अक्षरात, पेन्सिलीने, उर्दूत लिहिले होते : "सीएक्स ११२५२-११. हेच खरे नाव." मुलांनी विचारले, हे काय आहे? उलव्याच्या या घराच्या भिंतीत बिल्डरने टेलिफोनचा एक सॉकेट बसवून दिला आहे. आम्ही राहायला आल्यापासून त्यात कुणी काही खोचलेले नाही. त्या सॉकेटकडे बोट दाखवूनच मुलांना सांगायला सुरुवात करावी लागली.

गोष्ट मार्च २००३ ची. पण ती १९९० पासून सांगितली नाही तर अम्मी का घाबरली होती ते कळणार नाही.

अब्बा तेव्हा कुवेतला होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतले कर्ते पुरुष तिकडेच असायचे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले आणि फोन बंद, पत्रे बंद. आम्ही तेव्हा म्हसळ्याला आजोळी होतो. मामा आणि इतर मोठी माणसे वर्तमानपत्र वाचायची, ओटीवर खालच्या आवाजात बोलायची आणि आत येऊन अम्मीला सांगायची, "सगळे ठीक आहे." ठीक काहीच नव्हते. अब्बा बसने बगदादमार्गे जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. त्या दोन-अडीच महिन्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना याच मार्गाने परत आणले गेले. अब्बा घरी येईपर्यंत पाच-सहा आठवडे अम्मीला खरे कुणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून "सगळे ठीक आहे" या शब्दांवरचा तिचा विश्वास उडाला. स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय ती काही मानत नसे.

आणि तेरा वर्षांनी भाईजान त्याच कुवेतला नोकरीला होता.

घरात असेंबल केलेला कॉम्प्युटर होता, विंडोज ९८ वाला. भाईजाननेच पैसे पाठवून घ्यायला लावला होता. आयएसडी महाग, म्हणून फोन आठवड्यातून दोनदा, आणि एरवी ईमेल. पण अम्मीला फक्त उर्दू वाचता येते आणि त्या काळी मेलमध्ये उर्दू लिहून पाठवणे आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले नव्हते. भाईजानने वाट काढली. तो कागदावर हाताने पत्र लिहायचा, ऑफिसमधल्या स्कॅनरवर ठेवून त्याचे चित्र करायचा आणि ते पाठवायचा. चित्र दोनशे-अडीचशे केबीचे. आमच्या मोडेमवर सेकंदाला तीन-चार केबी उतरायचे, म्हणजे मिनिटभर तरी लागणार. पत्र पडद्यावर वरून खाली, ओळ ओळ करत उघडायचे. अम्मी खुर्ची ओढून बसायची आणि जितके उघडले तितके वाचत जायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. दुरुस्तीवाल्या मुलाने हार्ड डिस्क फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकले. पडदा आला, आवाज आला, माउस चालला, मोडेम मात्र मेला. डिव्हाइस मॅनेजर उघडले की पिवळे प्रश्नचिन्ह आणि शेजारी "पीसीआय कम्युनिकेशन डिव्हाइस" एवढेच. म्हणजे काहीतरी बसवलेले आहे, संपर्काचे आहे, पण कोण आहे ते यंत्राला माहीत नाही. मोडेमबरोबर मिळालेली ड्रायव्हरची सीडी शोधली तर ती बाल्कनीत दोरीला लटकत होती, कबुतरे हाकलायला. अब्बांनीच टांगली होती. दोन उन्हाळे खाऊन तिचा आरसासुद्धा राहिला नव्हता.

इथे मुलांना ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगावे लागले. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बांधलेली, तिच्यातून कॉम्प्युटरचे आकडे जसेच्या तसे जात नाहीत. मोडेम त्या आकड्यांचे आवाज करतो आणि पलीकडून आलेल्या आवाजांचे पुन्हा आकडे करतो. बाहेर ठेवायचे जुने महाग मोडेम हे सगळे काम स्वतः करायचे. आमच्यासारख्यांच्या घरी जी स्वस्त कार्डे आली त्यांच्यात अर्धेच काम करणारी चिप असायची. उरलेले काम कॉम्प्युटरचा प्रोसेसर करायचा आणि ते कसे करायचे हे ड्रायव्हरमध्ये लिहिलेले असायचे. ड्रायव्हर नाही तर ते कार्ड म्हणजे मुका पत्रा.

२० मार्चला इराकवर हल्ला सुरू झाला. त्या संध्याकाळी भाईजानचा फोन आला, सायरन वाजतात, मास्क दिले आहेत, काळजी करू नका. अम्मीने त्या दिवसापासून नियम केला : मगरिबपासून इशानंतर तासभर फोनला कुणी हात लावायचा नाही. तिकडचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. भाईजान पाचला सुटतो, म्हणजे आपले साडेसात. नियम बरोबरच होता. पण मोडेम दुरुस्त करायचा तर तो पुन्हा पुन्हा लावून बघायला हवा आणि तो चालतो त्याच टेलिफोनच्या तारेवर. भाईजानचे पत्र आणायचे साधन सुधारताना भाईजानचा फोन अडायचा. मग तिने आम्हाला सकाळी दहा मिनिटे आणि दुपारी दहा मिनिटे दिली, घड्याळ लावून.

कुणी म्हणेल, सायबर कॅफेत जाऊन मेल का बघितली नाही? बघत होतो. अब्बांना बरोबर घेऊन दिवसाआड जात होतो. पण कॅफेत प्रिंटर नव्हता आणि अम्मी फोन सोडून घराबाहेर पडायला तयार नव्हती. आम्ही परत येऊन सांगायचो, "पत्र आलंय, भाईजान ठीक आहे." ती आमच्या तोंडाकडे बघत राहायची.

पहिली चूक आम्ही खोक्याच्या नावावर विसंबून केली. एका मैत्रिणीकडे त्याच कंपनीचा, तसल्याच खोक्यातला मोडेम होता. तिची सीडी आणून ड्रायव्हर घातला आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. निळ्या-काळ्या पडद्यावर अडकून बसला. सेफ मोडमध्ये जाऊन ते सगळे काढण्यात दुपार गेली. मागून कळले की एकाच नावाच्या खोक्यात कधी या कारखान्याची चिप असते, कधी त्या. आमच्यातली थोरली त्या वर्षी बीएड करत होती. पाठ टाचणाच्या वहीत "ज्ञाताकडून अज्ञाताकडे" हे अध्यापनाचे सूत्र रोज लिहायची आणि घरात ज्ञात काय आहे ते न बघताच अज्ञातात उडी मारायची.

अब्बा म्हणाले, "उघडून बघा ना त्यावर काय लिहिलंय." एवढे साधे. प्लग काढला, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज जाऊ दिली, स्क्रू सोडवून कार्ड बाहेर काढले. मधल्या काळ्या चौकोनी चिपवर राखाडी बारीक अक्षरे. अब्बांनी वर्तमानपत्र वाचायचे भिंग आणि टॉर्च आणली. कोनेक्झंट, आणि खाली तो आकडा. अब्बांनी लगेच चिकटपट्टीवर लिहून घेतला. पुन्हा उघडायची वेळ येऊ नये म्हणून.

कॅफेत त्या आकड्यावरून ड्रायव्हर सापडला. इंटरनेट लावण्यासाठी लागणारी वस्तू इंटरनेटवरच असते, यावर अब्बा बराच वेळ हसले. फाइल एका फ्लॉपीत मावेना. फ्लॉपीची मर्यादा १.४४ एमबी. दोन तुकडे केले, घरी आणले, दुसरी फ्लॉपी वाचता येईना. परत कॅफे, तीन नव्या फ्लॉप्या, प्रत्येक तुकडा दोनदा. ज्यांनी फ्लॉपी वापरली आहे त्यांना हे दोनदा का, ते सांगायला नको.

शुक्रवारी, २८ मार्चला, ड्रायव्हर बसला. पिवळे चिन्ह गेले. कंट्रोल पॅनेलमध्ये मोडेमची तपासणी करायची सोय असते, तिथे विचारल्यावर त्याने "ओके" असे उत्तर दिले. आम्ही इतक्या खूश झालो की घड्याळ विसरलो. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेलेले, अम्मी आतल्या खोलीत जानमाजवर. आम्ही डायल केले. "डायल टोन नाही", चूक क्रमांक ६८०. रिसीव्हर उचलून ऐकावे तर टोन अगदी स्वच्छ. पुन्हा डायल, पुन्हा ६८०. सहाव्या की सातव्या वेळी कॉम्प्युटर मधेच गोठला. कंटाळून आम्ही तो तसाच सोडून जेवणाच्या तयारीला लागलो.

फोनची तार त्या मोडेममधून गेलेली. कॉम्प्युटर गोठला तेव्हा मोडेमने लाइन धरून ठेवली होती. अब्बा परतल्यावर कुणाला तरी फोन करायला गेले, तर रिसीव्हर मुका. दीड तास आमचा फोन बाहेरच्यांसाठी एंगेज होता आणि शुक्रवार म्हणजे कुवेतमध्ये सुट्टी. साडेसातचा हिशेब त्या दिवशी लागूच नव्हता. आम्ही मुकाट्याने मशीन बंद करून सुरू केले. अम्मीला सांगितले नाही. अब्बांनीही सांगितले नाही. संध्याकाळी फोन आला नाही तेव्हा आम्हीच तिला म्हणालो, "सगळे ठीक असेल."

शनिवारी सकाळी टीव्हीवर बातमी : पहाटेच्या आधी कुवेत शहरात समुद्राकाठच्या सूक शर्क या बाजाराजवळ क्षेपणास्त्र पडले. कुणी दगावले नाही असेही सांगत होते, पण अम्मीने तेवढे ऐकलेच नाही. मग नातेवाइकांचे फोन सुरू झाले. म्हसळा, श्रीवर्धन, मुंब्रा, जो तो विचारी, काही कळले का? दिवसभर लाइन त्यांनीच अडवली आणि त्यांना नाही म्हणणार कसे?

आम्ही दुपारी कॅफेत गेलो. मेल आलेली नव्हती. निघता निघता ६८० बद्दल शोधले. उत्तर वाचून आम्ही एकमेकींकडे बघितले. डायल टोन सगळ्या देशांत सारखा नसतो. अमेरिकेतला वेगळ्या सुरांचा, आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, किंचित थरथरणारा. आमचा मोडेम अमेरिकेच्या सेटिंगवर होता. तो आपल्या टोनची ओळखच पटवून घेत नव्हता. कानाला काही ऐकू येत असूनही "टोन नाही" म्हणत होता. उपाय असा की त्याला सांगायचे, टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. मोडेमच्या जादा सेटिंगच्या चौकटीत "एक्स ३" एवढी दोन अक्षरे. कागदावर लिहून घेतली.

इशा झाली. फोन आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. दहाच्या सुमाराला अम्मी तसबीह हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "लावा तुमचं ते."

देश बदलून भारत केला, एक्स ३ लिहिले, डायल केले. आकडे वाजले, पलीकडे कुणीतरी उचलले, आणि मग ती शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी. उलव्याच्या घरात मुलांना आम्ही तो आवाज तोंडाने काढून दाखवला, त्यांना तो भांडणासारखा वाटला. त्या रात्री अम्मीला काय वाटले ते तिने कधी सांगितले नाही. इनबॉक्समध्ये एक मेल होती, दुपारनंतर आलेली.

पत्र उघडू लागले. वर ७८६. मग सलाम. अम्मी भाईजानचे अक्षर बघूनच हलली, पण डोळे पुसायला थांबली नाही, ओळीमागे ओळ वाचत राहिली. मी खैरियतने आहे. स्फोट आमच्या बिल्डिंगपासून लांब झाला, काचा हादरल्या फक्त. ऑफिस चालू आहे. मग पाचवी की सहावी ओळ उघडली : काल जुम्म्याला दुपारभर फोन लावत होतो, एंगेजच येत होता, आजही तेच, तुम्ही सगळे ठीक आहात ना?

अम्मीने मान वळवून आमच्याकडे बघितले. अब्बांकडेही बघितले. कुणी काही बोलले नाही. पडद्यावर पत्राचा खालचा अर्धा भाग अजून करडा होता, हळूहळू भरत होता.

"काढा ती तार," ती म्हणाली. "फोन मोकळा करा."

पत्र अर्ध्यावर असताना आम्ही तार काढली. ती टेलिफोनजवळ स्टुलावर बसली. पावणेबाराला घंटी वाजली. उरलेले पत्र आम्ही दुसऱ्या दिवशी उतरवून घेतले, त्यात धाकटीच्या परीक्षेची चौकशी होती आणि अब्बांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची.