लंडनला जायचं, पण म्हशीचं काय?

लेकीचा फोन आला तेव्हा आषाढ चालू होता आणि मी गोठ्यात धारा काढीत होते. "आई, फेब्रुवारीअखेरची तारीख दिलीय डॉक्टरांनी. तू येशील ना?" मी आनंदानं "हो हो" म्हणून गेले. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की आपण लंडनला जायला हो म्हटलंय! तोवर माझी मजल पंढरपूर, आळंदी आणि एकदा मुंबई एवढीच.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण तिची नोकरी तिकडं, डॉक्टर तिकडचे. आत्याबाईंनी एका वाक्यात निकाल दिला. "लेकीला माहेरी येता येत नसंल, तर माहेरानं तिच्याकडं जावं."

आधी आम्ही दोघांनी जायचं ठरवलं. मग हिशोब मांडला. फेब्रुवारीत गहू दाणा भरतो, उन्हाळ कांद्याला पाणी द्यावं लागतं, दावणीला चार गाई. दोघांपैकी एकानं राहणं भाग होतं. हे म्हणाले, "तू जा. मी बघतो घरचं."

"आणि चंद्री?"

यावर हे गप्प झाले. चंद्री आमची म्हैस. दिवाळीच्या सुमाराला विणार होती. मागच्या दोन्ही वेतांत माझ्या हाताशिवाय तिनं कुणाला थेंब दिला नव्हता. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची. दूध कासेत राहिलं तर सड सुजतात, कासदाह होतो, सगळं वेत वाया जातं. लंडन राहिलं दूर, माझं घोडं गोठ्यातच अडलं होतं.

रात्री ओट्यावर पुतण्यानं थट्टा चालवली. "काकू, बोटीनं जाता का बसनं?" मामंजी जुने शिक्षक, त्यांना निमित्तच हवं होतं. ते म्हणाले, "हसू नकोस. गांधीजी 4 सप्टेंबर 1888 ला मुंबईहून बोटीनं निघाले, ते काही आठवड्यांनी लंडनला पोहोचले. तेही सुएझचा कालवा 1869 साली खुला झाला होता म्हणून. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जायचं, त्याला कित्येक महिने लागत. आणि बसचं म्हणशील, तर 1957 साली लंडनहून कोलकात्याला बस आली होती. 15 एप्रिलला निघाली, 5 जूनला पोहोचली. पुढं 1979 साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियाच्या फौजा शिरल्या आणि ती वाट मोडली. विमान मात्र 8 जून 1948 पासून आहे. पहिलं गेलं ते कैरो, जिनिव्हा करत."

आता मुंबईहून थेट विमान नऊ-दहा तासांत पोहोचतं. वाटेत विमान बदलायचं असेल तर तिकीट स्वस्त पडत होतं. पण मला इंग्रजी येत नाही, अनोळखी विमानतळावर मी कुणाला विचारणार? मी ठाम राहिले. थेटच जाईन. तिकीट काढतानाच मदतनीस हवा म्हणून सांगून ठेवलं.

पासपोर्टची तयारी श्रावणातच सुरू केली. आधार कार्डावर नावापुढं 'बाई', शाळेच्या दाखल्यावर नाही. आधी ते दुरुस्त करावं लागलं. मग पासपोर्ट केंद्रात हेलपाटा, मग पोलिसांची चौकशी. पासपोर्ट आल्यावर व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरला आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याला गेले. पाहुणी म्हणून जाऊन मी परत येणार, हे कागदांनी पटवायचं होतं. सातबारा, बँकेचा हिशोब, डेअरीची बिलं, लेकीचं पत्र, जावईबापूंच्या पगाराचे कागद. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं. मला हसू आलं. जिच्या दारात दुभती म्हैस बांधलीय, ती बाई परत यायची नाही, असं कुणाला तरी वाटेल का?

बाळंतिणीसाठी चंद्रीचं तूप कढवून न्यायचं मी मनात योजलं होतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, तिकडून दुधाचे पदार्थ आणायला इथं बंदी आहे. तूप आणू नकोस. दुकानात मिळतं." वाईट वाटलं. मग मेथ्या, हळीव, सुंठ अन् गोडा मसाला बांधून घेतला. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवल्या.

चंद्री दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी व्याली. कार्तिक सरता सरता यांची शाळा सुरू झाली. माझं जुनं पातळ अंगावर पांघरून हे धारेच्या वेळी तिच्याजवळ उभे राहायचे. आठ दिवस आंबोण यांनीच घातलं. नंतर मी शेजारी उभी राहिले आणि हे धारेला बसले. तिनं लाथ मारून बादली उलथी केली. गावातली पोरं कुडाच्या फटीतून बघून हसत. हे कुणाला काही बोलले नाहीत. रोज दोन वेळा पातळ पांघरून बसायचे. दूध निम्म्यावर आलं, मी रडकुंडीला आले. एकदा म्हटलं, "राहू द्या. नाही जात मी." हे तिची कास धूत होते. मान वर न करता म्हणाले, "लेक तुझी एकटीचीच हाय का?"

पुढं मी कुडाआड उभी राहू लागले, मग घरातच थांबू लागले. संक्रांतीपर्यंत दूध पहिल्यासारखं झालं.

निघायच्या दिवशी गाडी संध्याकाळी यायची होती. मी पिशव्या घेऊन ओट्यावर बसले होते. गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. मी डोळे पुसले आणि उठले.

लेकीला मुलगी झाली. नातीला न्हाऊ-माखू घालून मी मेच्या आरंभी परत आले. आल्या आल्या हौसेनं धारेला बसले, तर चंद्रीनं पाय झाडला. थेंब देईना! हे दारात उभे राहून हसत होते.

तेव्हापासून म्हशीची धार हेच काढतात. परवा लेकीचा फोन आला, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला या म्हणून. "पण चंद्रीचं काय?" असं या वेळी मी नाही, यांनीच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही जा. पासपोर्टला आजच अर्ज करा. आणि तुमचा एक जुना सदरा तेवढा माझ्यासाठी काढून ठेवा."