‘वय झालं’ म्हणण्याआधी

आम्हा गोंयकारांचा घोड्याशी संबंध तो किती? शिगम्यात डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी निघते, त्यातला कमरेला बांधलेला लाकडी तोंडाचा घोडा. एके काळी अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि विजयनगरच्या पागेपर्यंत जात, पण ती पुस्तकातली गोष्ट. घोडेमोडणीच्या घोड्याचं एक बरं असतं, तो म्हातारा होत नाही. दरवर्षी नवा रंग, नव्या फुलांच्या माळा, की झाला तरणाबांड! खरोखरीचा म्हातारा होत चाललेला घोडा मी जवळून पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही इंग्लंडात.

माझी भाची स्विंडनला असते. तिथे आपली माणसं किती आहेत हे आता गोव्यात कुणाला सांगायला नको. आठवडाभर ती गोदामात काम करते आणि सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या एका तबेल्यात जाऊन घोड्यांना खरारा करते. पगार नाही, निव्वळ हौस. 2017 च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो, तेव्हा एका रविवारी मलाही घेऊन गेली.

चांगलं ऊन पडलं होतं. बाकीच्या घोड्यांची अंगं तेल लावल्यासारखी चकाकत होती. त्यांच्यात एक 19 वर्षांचं वेल्श तट्टू, नाव बिस्किट. त्याच्या जबड्याखाली, पोटाला आणि पायांच्या मागच्या बाजूला लांबलचक केस. शिकायला येणारी मुलं त्याला टेडी बेअर म्हणत आणि येता-जाता मिठ्या मारत. मलाही ते गोड वाटलं. मी फोटो काढू लागलो, तर भाची म्हणाली,
“मामा, फोटो मागीर काढ. आधी हात लाव इथं.”

पाठीवरून हात फिरवला तर कणा बोटांना लागत होता. आणि पोट मात्र खाली सुटलेलं. मग तिनं डोळ्यांच्या वरची जागा दाखवली. म्हाताऱ्या घोड्याला तिथं खळगा पडतो, याला चरबीचा फुगवटा आला होता. शेवटी मोबाइलवर मागच्या वर्षीच्या जूनमधला फोटो काढून माझ्यासमोर धरला. तेच तट्टू, तीच जागा, पण अंगावर एकही लांब केस नाही. गुळगुळीत.

“मालकीणबाई काय म्हणतात?” मी विचारलं.
“म्हणतात, वय झालं त्याचं.”

बाई वाईट नव्हती हो. जनावरावर तिचा जीव होता. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, एवढंच.

भाचीला संशय होता तो कुशिंगच्या आजाराचा. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदानं माणसांतल्या अशा विकाराचं वर्णन केलं, त्याचं नाव घोड्यांच्या आजारालाही चिकटलं. पशुवैद्य आता त्याला पीपीआयडी म्हणतात, कारण माणसातला आणि घोड्यातला प्रकार एकच नव्हे. पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत आणि तट्टूंत साधारण पाचातल्या एकाला तो असतो, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. तरी सुरुवातीला तो सापडत नाही, कारण त्याची सगळी लक्षणं म्हातारपणाचे कपडे घालून येतात!

पूर्ण अंगावर कुरळे केस वाढलेला घोडा कुणीही ओळखेल, पण तोवर आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. पहिल्या खुणा बारीक. वसंतात हिवाळी केस गळायला इतरांपेक्षा दोन-तीन आठवडे उशीर लागतो, किंवा सगळीकडचे गळतात आणि जबड्याखाली, कोपरामागे, पोटाला झुबके राहतात. पाठीवरचं मांस उतरतं. उत्साह कमी होतो, आणि लोक म्हणतात, आता शहाणा झाला हो! कारण नसताना घाम येतो, किंवा यायला हवा तेव्हा येत नाही. काही घोडे पाणी जास्त पितात आणि तबेल्यातला पेंढा नेहमीपेक्षा ओला सापडतो. जखम लवकर भरत नाही, जंत वारंवार होतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे खुरांच्या आतल्या नाजूक थराला सूज येते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा जपून, काट्यांवरून चालल्यासारखा पावलं टाकतो. पुष्कळदा घोड्याला शेवटी निजवावं लागतं ते या दुखण्यामुळेच. विशेषतः शरद ऋतूत, कारण न दिसताच लॅमिनायटिस झाला तर डॉक्टर आधी या आजाराची शंका घेतात.

हे सगळं होतं कशानं? मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागावर डोपामिन नावाच्या रसायनाचा लगाम असतो. वयाबरोबर डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशी झिजतात, लगाम सुटतो, तो भाग फुगतो आणि एसीटीएचसारखी संप्रेरकं भरमसाट सोडू लागतो.

भाची हे सांगत होती आणि डोपामिन हा शब्द ऐकून मी कुंपणाला टेकलो. तो शब्द आमच्या घरात आधीच येऊन गेला होता.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स होता. त्यातही झिजतात त्या डोपामिनच्याच पेशी, फक्त मेंदूच्या दुसऱ्या भागातल्या. हात थरथरू लागल्यावर आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “अक्षर कधीपासून बारीक झालं?” घरी येऊन कुळागराच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. बाबांचं अक्षर टपोरं, सुपारीएवढं. वर्षागणिक ते लहान होत होत शेवटच्या वहीत मुंग्यांची रांग झालेली. पाच वर्षांचा पुरावा कपाटात पडून होता! आम्ही काय समजलो? कागद वाचवतात. एका वर्षी म्हणाले होते, यंदा सुरंगीला वासच नाही. आई माळून बसलेली, घर घमघमत होतं. आम्ही हसलो. चालणं मंद झालं तेव्हा तर मी त्यांना आळशी म्हणून बोललोसुद्धा. ते बोलणं अजून मला विसरता येत नाही.

लवकर कळलं असतं तर बाबा बरे झाले असते का? नाही. घोड्याचा हा आजारही बरा होत नाही. पण आवरता येतो. दुसऱ्या आठवड्यात मालकीणबाईंनी पशुवैद्याला बोलावलं, भाचीनं दोन्ही फोटो समोर ठेवले. रक्तातलं एसीटीएच तपासलं, ते वाढलेलं निघालं. (निरोगी घोड्यातही ते शरद ऋतूत आपोआप चढतं, म्हणून आकडा महिन्याप्रमाणे वाचावा लागतो. अगदी सुरुवातीला साधी तपासणी चुकूही शकते, मग टीआरएच देऊन पुन्हा रक्त घेतात.) औषध पर्गोलाइड. ते डोपामिनचं काम करतं. गंमत पाहा, हे औषध आधी पार्किन्सन्सच्या माणसांसाठीच होतं. हृदयाच्या झडपांना अपाय होतो असं दिसल्यावर 2007 मध्ये अमेरिकेत ते माणसांसाठी मागे घेतलं गेलं. घोड्यांना मात्र ते आजही देतात. रोज गोळी, जन्मभर. शिवाय साखर कमी असलेला चारा, वेळच्या वेळी खुरं कातरणं, दात पाहणं, उन्हाळ्यात केस कापणं.

बिस्किटला गोळी सफरचंदाच्या फोडीत खुपसून देत. पहिल्या आठवड्यात त्यानं खाणं कमी केलं, मग डॉक्टरांनी मात्रा उतरवून हळूहळू वाढवली. पुढच्या मे महिन्यात भाचीचा फोटो आला. अंग चकाकतंय, पोट वर गेलंय, आणि मुलांची तक्रार, की आता तो टेडी बेअर दिसत नाही! आणखी चार वर्षं ते तट्टू जगलं. खुरांचं दुखणं एकदाच आलं, तेही लवकर लक्षात आल्यामुळे निभावलं.

भाची अजूनही प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला तबेल्यातल्या प्रत्येक घोड्याचा एका बाजूनं, एकाच जागी फोटो काढते. मी इथे तिची नक्कल करतो. आई आता 84 वर्षांची आहे. दर महिन्याला वाण्याची यादी तिच्याच हातून लिहून घेतो आणि ती यादी टाकून देत नाही. आई विचारते, “कित्याक रे हे कागद सांबाळून दवरता?”

मी म्हणतो, “तुझं अक्षर बरं आहे म्हणून.”